शेतकऱ्याकडून थेट धान्य आणणारा गट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला आमची २६ कुटुंबं वर्षाचं धान्य, डाळी, गूळ, हळद आणि तेल एकत्र मागवतात. नवीन येणारे तेच तेच विचारतात, आणि विचारायलाच हवं असं बरंच आहे. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. कुणाला आपल्या सोसायटीत किंवा वाड्यात असा गट करायचा असेल, तर त्यांनाही उपयोग व्हावा.

गट म्हणजे नेमकं काय? हे दुकान आहे का?

दुकान नाही. आमच्याकडे माल शिल्लक नसतो, गाळा नाही, विकणारा नाही. घरांनी मिळून शेतकऱ्याला आधी सांगायचं की आम्हाला इतकी ज्वारी, इतका तांदूळ, इतकी तूरडाळ लागेल. मग माल आला की एका दिवसात वाटून घ्यायचा आणि खर्च वाटून भरायचा. नफा कुणी घेत नाही. काम मात्र प्रत्येक घराकडे येतं, वर्षातून किमान दोन वेळा.

ही काही नवी कल्पना आहे का?

मुळीच नाही. इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या २८ जणांनी १८४४ च्या डिसेंबरात स्वतःचं छोटं दुकान उघडलं, कारण त्यांना भेसळीचं पीठ आणि दुकानदाराची उधारी या दोन्हींतून सुटायचं होतं. त्यांचा रोखीचा नियम आम्ही जसाच्या तसा पाळतो, का ते पुढे येईलच. जपानमध्ये टोकियोच्या सेतागाया भागात १९६५ साली सुमारे २०० गृहिणींनी एकत्र येऊन ३०० बाटल्या दुधाची मागणी नोंदवली. त्यातून सेइकात्सु क्लब ही मोठी सहकारी चळवळ उभी राहिली.

आपल्याकडे तर हे घरातलंच आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच करते आहे. शेजारपाजारच्या कुटुंबांचा संघ करायचा, महिन्याची यादी भरायची, माल एकत्र यायचा आणि कुणाच्या तरी घरी किंवा जिन्याखाली वाटप व्हायचं. हजारो कुटुंबं, आणि वाटपाचं बहुतेक काम बायकांनी विनामोबदला उचललेलं. पार्ल्याच्या माझ्या मावशीच्या घरी पंचायतीचा माल यायचा तो दिवस मला अजून आठवतो. खोलीभर पुड्यांची रांग, प्रत्येक पुडीवर कुटुंबाचा क्रमांक. आम्ही त्या पद्धतीत एकच भर घातली. माल बाजारातून न आणता नेमका कोणत्या शेतातून येतो, हे ठरवून घ्यायला लागलो.

गटातून धान्य स्वस्त मिळतं का?

हा पहिला प्रश्न असतो, आणि इथेच मी लोकांना थांबवते. स्वस्त मिळावं एवढ्याचसाठी यायचं असेल तर येऊ नका. दोन हंगामांत निराश व्हाल.

एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, दर दरवर्षी बदलतात. समजा ज्वारी बाजार समितीत ३० रुपये किलोने जाते. शेतकऱ्याच्या हातात त्याहून कमी पडतात, कारण गाडीभाडं, हमाली आणि तोलाई त्याच्याच माथी. तीच ज्वारी दुकानात ६० ला. आम्ही शेतकऱ्याला शेतावर ४२ देतो. वाहतूक ३, चाळणी आणि निवडणं दीड, पोतं एक, घट एक. म्हणजे आमच्या दारात साडेअठ्ठेचाळीसला. शेतकऱ्याला जास्त मिळाले, आम्हाला कमी पडले. पण हे गणित बसतं तेव्हाच, जेव्हा एका खेपेत पाचसहा क्विंटल माल येतो. ५० किलोसाठी टेम्पो मागवला की दुकान परवडतं.

आणि ज्याने फवारणी सोडली आहे, बायामाणसं लावून खुरपणी केली आहे, त्याचा माल रसायनावर वाढवलेल्या मालापेक्षा महागच असणार. खुरपणीची मजुरी कुणीतरी द्यावीच लागते. गटाची खरी ताकद दर पाडण्यात नाही. पेरणीच्या आधी शेतकऱ्याला शब्द देता येतो, ही ती ताकद. एकट्या घराच्या २५ किलोच्या भरवशावर कुणी पीक बदलत नाही. २६ घरांच्या भरवशावर बदलतो. पुरंदरच्या ज्या दादांकडून आम्ही आता खपली गहू घेतो, ते आधी खपली लावायचे फक्त घरापुरती, दोन वाफे.

सुरुवात किती कुटुंबांनी आणि कशापासून करावी?

दहाबारा घरं पुरे. एकमेकांच्या घरी जाणारी असावीत, एवढीच अट.

सुरुवात रब्बी ज्वारीपासून करा. कारण साधं आहे. सोलापूरकडच्या काळ्या जमिनीत मालदांडी ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर वाढते. तिला पाणी फारसं द्यावं लागत नाही, खत थोडं आणि फवारणी जवळजवळ नाहीच. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या मातीमुळेच. शेतकऱ्याला वेगळं काही करायला न लावता चांगलं धान्य मिळतं, त्यामुळे पहिल्या वर्षी दोन्ही बाजूंना धास्ती कमी. त्यानंतर तांदूळ, मग डाळ. तेल आणि गूळ तिसऱ्या वर्षी. भाजी सगळ्यात शेवटी.

शेतकरी शोधायचा कसा?

आधी गटातल्याच माणसांची गावं विचारा. प्रत्येक घरात कुणाचा तरी मामा, चुलता, मेव्हणा शेती करतो. आमचा तांदूळ मुळशीतून येतो तो असाच, गटातल्या एका वहिनींच्या माहेरून. सुरुवातीला त्यांनी पायलीच्या, म्हणजे धान्य मोजायच्या जुन्या मापाच्या, हिशेबात सांगितलं होतं आणि आम्ही किलोत ऐकलं, त्यामुळे पहिल्या वर्षी तांदळाचा हिशेब चुकला. तेव्हापासून सगळं किलोतच ठरवतो. ‘पोतं’ सुद्धा म्हणत नाही, कारण ते कुठे ५० चं असतं, कुठे १०० चं.

नातं असलं तरी शेत बघायला जायचंच. मुळात नातं असतं तिथे विचारायला संकोच वाटतो, म्हणून तर जास्तच.

धान्य खरंच सेंद्रिय, म्हणजे रसायनांशिवाय पिकवलेलं, आहे हे कशावरून?

याचं उत्तर लांब आहे.

कागदापासून सुरुवात करू. आपल्याकडे दोन रस्ते आहेत. एक, त्रयस्थ संस्थेकडून तपासणी होऊन मिळणारं प्रमाणपत्र. ते निर्यातीसाठी लागतं, खर्चिक असतं आणि लहान शेतकऱ्याच्या आवाक्यात सहसा नसतं. दुसरा पीजीएस, म्हणजे सहभागातून हमी. यात गावातले किमान पाच शेतकरी गट करतात आणि एकमेकांची शेतं तपासतात. रसायनं सोडून काही काळच झाला असेल तर ‘पीजीएस ग्रीन’ आणि रूपांतराचा काळ पूर्ण झाला की ‘पीजीएस ऑरगॅनिक’ असा दर्जा मिळतो. हंगामी पिकांना हा काळ साधारण दोन वर्षांचा, फळबागांना तीन वर्षांचा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांत थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला प्रमाणपत्रातून सूट दिली आहे, पण मग त्याला ‘जैविक भारत’ हे चिन्ह वापरता येत नाही. म्हणजे शेतकऱ्याकडे चिन्ह नाही, एवढ्यावरून त्याला खोटं ठरवू नका. चिन्ह आहे एवढ्यावरून निश्चिंतही होऊ नका.

प्रयोगशाळेत तपासून घ्यावं का? वर्षातून एखाद्या मालाचा नमुना जरूर पाठवा. खर्च काही हजारांत जातो, २६ घरांत वाटला की जड नाही. पण एक लक्षात घ्या: त्या तपासणीत कीटकनाशकाचा अंश दिसतो. युरिया टाकला होता का, हे त्यात कळत नाही. ते शेतावर जाऊनच कळतं.

शेतावर काय बघायचं, ते मला आम्हाला तांदूळ देणाऱ्या मुळशीच्या आजोबांनी शिकवलं. मी पिकाकडे बघत होते. ते म्हणाले, “ताई, पीक नका बघू, बांध बघा.” तणनाशक मारलेल्या शेताच्या बांधावरचं गवत पिवळं पडून जळाल्यासारखं दिसतं, आणि भर पावसाळ्यातही ते लपत नाही. त्यांच्या बांधावर गुडघाभर हिरवं गवत होतं, आघाडा होता, टाकळा होता. पलीकडच्या बांधावर एक पिवळी पट्टी सरळ रेषेत गेली होती. त्यांनी ती दाखवली आणि म्हणाले की तिकडून वारा येतो, म्हणून कडेच्या चार ओळींचा भात आम्ही वेगळा झोडतो आणि तुम्हाला देत नाही. हे त्यांनी आपण होऊन सांगितलं. त्यानंतर त्यांच्याकडे प्रमाणपत्र मागावंसं मला वाटलं नाही.

बाकी विचारायचे प्रश्न सोपे आहेत. गोठ्यात जनावरं किती? कारण तीन एकरांना पुरेल इतकं शेणखत एका गाईतून निघत नाही, बाकीचं कुठून येतं? बी घरचं की विकतचं? विकतचं असेल तर गुलाबी रंग चढवलेलं असतं का, कारण तो बहुधा बुरशीनाशकाचा. तण कोण काढतं आणि किती वेळा? माव्याला काय फवारता? निंबोळी अर्क, दशपर्णी, ताक यांची नावं पटापट येतात, पण “कसं करता?” विचारलं की जो रोज करतो तोच भांडं, प्रमाण, वास, किती दिवस मुरवलं ते सगळं सांगतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे “फवारलं तर मला सांगा” असं म्हणायची सोय ठेवा. एका वर्षी आमच्या तूरवाल्या दादांनी शेंगा पोखरणाऱ्या अळीपुढे हात टेकले आणि एकदा औषध मारलं. त्यांनी फोन करून सांगितलं. आम्ही त्या वर्षीची डाळ ‘सेंद्रिय’ न म्हणता साध्या दराने घेतली, ज्यांना नको होती त्यांनी घेतली नाही. त्यांना तोडलं असतं, तर पुढच्या वेळी त्यांनी सांगितलंच नसतं.

पैसे आधी का भरायचे?

कारण पहिल्या वर्षी आम्ही भरून घेतले नाहीत. व्हॉट्सॲपवर ‘मला २० किलो’, ‘मला पण’ असे निरोप आले, मी बेरीज करून ३०० किलो सांगितले. माल आला तेव्हा कुणी गावाला गेलेलं, कुणाकडे सासूबाईंनी आधीच आणून ठेवलेलं. ८० किलो ज्वारी आमच्या हॉलमध्ये राहिली आणि शेतकऱ्याचे पैसे मी माझ्या खात्यातून दिले, कारण त्याला थांबवणं शक्यच नव्हतं. त्याच्या मुलीच्या कॉलेजची फी त्याच आठवड्यात होती.

आता निम्मे पैसे पेरणीच्या वेळी आणि उरलेले वाटपाआधी. ज्याचे पैसे आले त्याचीच मागणी नोंदली जाते. उधारी कुणालाही नाही, अगदी माझ्या सख्ख्या बहिणीलाही नाही. एखाद्या घरी खरंच अडचण असेल तर चार जण मिळून त्यांचे भरतात आणि ते त्या चौघांचं आपसातलं राहतं. गटाच्या वहीत उधार हा रकानाच नाही.

पीक गेलं तर आगाऊ रकमेचं काय?

आधी लिहून ठेवा. आमचं ठरलेलं असं: निम्मं पीक हाती आलं तर जेवढं आलं तेवढं सगळ्यांत प्रमाणात वाटायचं. पूर्ण गेलं तर आगाऊ रकमेतली निम्मी पुढच्या हंगामाच्या नावे राहते, निम्मी गटाच्या निधीतून परत मिळते. त्या निधीसाठी दर किलोमागे एक रुपया आम्ही कायम बाजूला काढतो. एका वर्षी काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला आणि ज्वारी काळी पडली, तेव्हा हा निधी कामाला आला. काळी पडलेली ज्वारी गुरांनाच गेली. ज्वारीवाल्या दादांनी कडबा विकून थोडं भरून काढलं.

वाटपाच्या दिवशी काय करायचं असतं?

सकाळी सात वाजता पार्किंगमध्ये ताडपत्री टाकायची. टेम्पो येतो तेव्हा दोन माणसं उतरवायला, एक काट्याशी, एक वहीशी. काटा आधी माहीत असलेल्या वजनाने तपासून घ्यायचा. आम्ही किराण्याच्या दुकानातून आणलेली साखरेची पाच किलोची बंद पिशवी ठेवतो. प्रत्येक पोतं उघडण्याआधी वजन करायचं आणि आकडा पोत्यावरच खडूने लिहायचा, कारण नंतर वाद होतो तो याच आकड्यावरून. पोत्याची शिवण सुरीने कापू नका. सुतळीचं मोकळं टोक शोधून ओढलं की ती सरसर उसवत जाते, आणि पोतं पुन्हा वापरता येतं.

पिशव्या प्रत्येकाने घरून आणायच्या, नाव लिहून. घट धरायचीच. ५० किलोच्या पोत्यातून चाळून, निवडून, सांडून साधारण ४९ वाटले जातात. ती घट कुणा एकाच्या शेवटच्या पिशवीत जाऊ देऊ नका. सुरुवातीलाच सगळ्यांवर सारखी टाका.

हिशेब त्याच दिवशी संध्याकाळी, सगळ्यांना दिसेल असा. शेतकऱ्याला किती, टेम्पोला किती, हमालांना चहासकट किती. आमच्या सोसायटीतल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी ही वही सांभाळली आहे. पैशावरून गटात कधीही आवाज चढला नाही याचं श्रेय त्यांच्याकडे जातं.

धान्याला कीड लागते, मग वर्षभर टिकणार कसं?

रसायन नसलेल्या धान्याला सोंडे लवकर लागतात, हे खरं आहे. पण बहुतेक वेळा मूळ दोष ओलाव्याचा असतो. दाणा दाताखाली धरून बघा. कट्टकन फुटला पाहिजे. दबला तर आणखी दोन उन्हं द्या. ऊन दिल्यावर गरम असतानाच डब्यात भरू नका, रात्रभर गार होऊ द्या, नाहीतर झाकणाला आतून पाणी सुटतं.

डाळीला एरंडेल तेलाचा हात, तांदळात आणि ज्वारीत सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला. हे आजीचे उपाय चालतात. बाजारात मिळणाऱ्या धूर सोडणाऱ्या विषारी गोळ्या घरात अजिबात आणू नका. बंद खोलीत त्यांच्या वायूने माणसं दगावलेली आहेत. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत.

तेल, गूळ आणि डाळ घेताना काय तपासावं?

तेलाचं गणित स्वतः करा. लाकडी घाण्यावर एक लिटर शेंगदाणा तेलाला साधारण सव्वादोन ते अडीच किलो दाणे लागतात. दाणे १२० रुपये धरले तर अडीच किलोचे ३०० झाले. पेंडीचे पन्नासएक रुपये वजा करा, घाणावाल्याची मजुरी मिळवा. मग कुणी ‘लाकडी घाण्याचं शुद्ध’ म्हणून १८० ला देत असेल, तर त्यात दाण्याशिवाय काय आहे ते त्याला विचारा. आम्ही दाणे घेऊन घाण्यावर जातो आणि समोर काढून आणतो.

गूळ पिवळाधमक असेल तर सावध व्हा. तो रंग बहुधा हायड्रोस पावडरचा, म्हणजे गूळ उजळवायला टाकतात त्या रसायनाचा. रानभेंडीच्या चिकाने मळी काढलेला गूळ गडद तपकिरी असतो आणि पावसाळ्यात थोडा पाझरतो.

डाळ बिनपॉलिश घ्या. मात्र शंभर किलो तुरीतून गिरणीवर ६५ ते ७० किलो डाळ मिळते, त्यामुळे तुरीचा दर आणि डाळीचा दर यांत फरक दिसला म्हणून शेतकऱ्यावर संशय घेऊ नका. चुणी त्यांच्याच गुरांना जाऊ द्या.

भाजीपाला का नाही?

कारण भाजी थांबत नाही. आठवड्यातून दोनदा माणूस लागतो, आणि उरलेली भाजी संध्याकाळी फेकावी लागते. ज्यांना करायचंच आहे त्यांनी ‘मला काय हवं’ असं न म्हणता ‘शेतात काय आहे’ ते घ्यायची तयारी ठेवावी. ठरलेल्या रकमेची टोपली, त्यात जे येईल ते. आषाढात मेथी मागायची नाही. त्या दिवसांत टाकळा, कुर्डू, करटोली येतात, आणि त्या कशा करायच्या हे शेतकऱ्याच्या घरच्या बाईकडून लिहून घ्यायचं.

नोंदणी, परवाना लागतो का?

आपल्याच घरांसाठी एकत्र मागवून खर्च वाटून घेत असाल, तर साध्या गटाला काही लागत नाही. बाहेरच्यांना विकू लागलात, पाकिटं करून नाव छापू लागलात, की अन्नसुरक्षेची नोंदणी, वजनमापाचे नियम आणि कर हे सगळं येतं, आणि मग सल्लागाराकडे जाच. सहकारी संस्था करायची असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण हवेत. आम्ही अजून केलेली नाही.

आम्ही दोघंच आहोत, भाड्याच्या घरात. २५ किलो ठेवायचे कुठे?

पाच किलोपासून घेता येतं. किंवा दोन शेजारी मिळून एक कोठी ठेवा. गटात अशी सहा घरं आहेत.

गट मोडतात का?

मोडतात. मी तीन मोडताना पाहिले. तिन्ही ठिकाणी सगळं काम एकाच बाईवर होतं. ती आजारी पडली किंवा थकली, आणि कुणाला शेतकऱ्याचा नंबरसुद्धा माहीत नव्हता. म्हणून आमच्याकडे शेतकऱ्याशी बोलणारे दोघं, वही वेगळ्याकडे, वाटप दर वेळी वेगळ्या चौघांकडे. शेतावर जाताना प्रत्येक खेपेला एक नवीन घर सोबत नेतो.

सामील व्हायचं तर कधी यावं?

तांदूळ जानेवारी-फेब्रुवारीत येतो, तूरडाळ फेब्रुवारी-मार्चमध्ये, ज्वारी, गहू, हरभरा मार्च-एप्रिलमध्ये, हळद उकडून वाळून यायला मे उजाडतो. पण मागणी त्याच्या कितीतरी आधी ठरते. भाताची जूनच्या आत, ज्वारीची गणपतीच्या सुमाराला. त्यामुळे गणपतीत आरती झाल्यावर आम्ही खालच्या हॉलमध्ये बसतो. येताना मागच्या वर्षी घरात किती किलो ज्वारी लागली ते आठवून या. आठवत नसेल, तर या महिन्यापासून दळणाच्या डब्यावर तारीख आणि वजन लिहायला लागा.